जॅकेटमधली हवा

हात लावला तेव्हा जॅकेट मऊ लागलं. गेल्या रविवारी ते असं नव्हतं. गेल्या रविवारी दाबलं तर ते बोटांना परत ढकलत होतं, हट्टी माणसासारखं; आज बोटं आत गेली, आतच राहिली, आणि काढून घेतल्यावरही कापडावर त्यांचे खळगे दिसत राहिले. सुमेधा बेसमेंटमध्ये उतरली होती ती घर ऊबदार ठेवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलायला. विकायला काढलेलं घर गिऱ्हाइकांना दाखवायचं तर खालचा कोंदट वास आधी गेला पाहिजे, असं रिअल्टर बाईंनी बजावलं होतं. नवा फिल्टर काखेत तसाच राहिला. पाइपला हँगरनं टांगलेल्या त्या काळ्या धुडासमोर ती उभी राहिली, आणि तिला वाईट वाटायच्या आधी राग आला. कुणीतरी तिला न विचारता काहीतरी नेत होतं, आणि कुठून नेत होतं ते दिसत नव्हतं.

ते थंडीचं जॅकेट नव्हतं. पाण्यात खोल बुडी मारणारे पाठीवर हवेची टाकी घेतात, ती ज्याला बांधलेली असते ते हे जॅकेट. आत एक पिशवी असते. ती फुगवली की माणूस वर येतो, हवा सोडली की खाली जातो. बाबांनी ते साठी उलटल्यावर घेतलं, आई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, आणि सुमेधानं ते त्यांना कधी माफ केलं नाही. बायको गेल्यावर लोक गीता वाचतात, नर्मदा परिक्रमेला जातात, निदान रडतात. शैलेंद्रराव विंडसरच्या कम्युनिटी पूलमध्ये पोरासोरांबरोबर बुडायला शिकले आणि मग दर शनिवारी जुने मित्र उन्मेषकाका ह्यांच्या गाडीत बसून कुठल्या ना कुठल्या तळ्याच्या तळाशी जायला लागले. तिथं काय बघता, असं तिनं एकदा विचारलं होतं. "काही नाही," ते म्हणाले होते. "तिथं कुणी बोलत नाही." हे उत्तर आपल्यालाच उद्देशून आहे असं तिला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटत होतं.

पण त्या जॅकेटची त्यांनी जी सेवा केली तशी घरातल्या देवांचीही झाली नसेल. ऑक्टोबरात सीझन संपला की ते कपडे धुवायच्या टबात कढत पाणी सोडत, कारण इथल्या तळ्यांत ते बारके पट्ट्यापट्ट्यांचे शिंपले असतात आणि एका तळ्यातली त्यांची पिल्लं जॅकेटला चिकटून दुसऱ्या तळ्यात गेलेली चालत नाहीत. मग रबरी नळीतून पिशवीच्या आत पाणी भरायचं, जॅकेट दोन्ही हातांनी घुसळायचं, खालच्या झडपेतून सगळं ओतून द्यायचं. इन्फ्लेटर, म्हणजे नळीच्या टोकाची ती दोन बटणांची मूठ, कोमट पाणी नि व्हिनेगरात बुडवून ठेवायची आणि मधूनमधून बटणं दाबत राहायचं, ती अडकू नयेत म्हणून. झडपांच्या रबरी चकत्या काढून पुसायच्या, करंगळीच्या टोकावर सिलिकॉनचं ग्रीस घेऊन त्यांना लावायचं, जास्त नाही, नुसती चमक येण्यापुरतं. आणि सगळं वाळलं की शेवटी इन्फ्लेटर तोंडाला लावून, बटण दाबून, पिशवी अर्धी फुगवायची. हिवाळाभर ती फुगलेलीच टांगायची. नाहीतर आतले पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि मेमध्ये फाटतात. कंप्रेसर शेजारीच होता. पण त्याच्या हवेत तेल असतं म्हणायचे. तोंडानंच फुंकायचं, आणि ते दुसऱ्या कुणी नाही.

डिसेंबरात बाबा झोपेतच गेले. जानेवारीत पाण्याचा मुख्य नळ बंद करायला ती खाली आली तेव्हा जॅकेट पाइपला टांगलेलं होतं, अर्धं फुगलेलं, दोन्ही खांदे उचललेलं. ऑक्टोबरात फुंकलेलं. ती भावुक बाई नव्हती. विलायतेतल्या नव्हे, इथल्याच लंडनच्या एका इस्पितळात ती रेस्पिरेटरी थेरपिस्ट होती. श्वास ही तिच्या दृष्टीनं मोजायची वस्तू होती, कागदावर चढणारी आणि उतरणारी रेघ. दिवसभर ती लोकांच्या तोंडात नळी देऊन म्हणायची, फुंका, अजून, अजून, थांबू नका. तेव्हा तिनं काही नवं मनात आणलं असं नव्हे; तिनं फक्त हिशेब केला की ह्यात ह्या माणसाचे दोन-तीन मोठे श्वास आहेत, आणि जगात दुसरीकडे कुठेही ते आता नाहीत. मग ती दर रविवारी यायला लागली. आवराआवर हे कारण होतं. लंडनहून दोन तास फोर-ओ-वन हायवेवरून ट्रकांच्या मागे, चिखलाळ बर्फ काचेवर झेलत. आणि आल्यावर कोटही न काढता ती आधी खाली जायची, जॅकेटच्या छातीवर गाल टेकवायची, आणि मग वर येऊन चहा टाकायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा केयाला, पंधरा वर्षांच्या आपल्या लेकीला, गाडीत अर्धवट सांगून बसली, तर ती फोनवरची नजर न काढता म्हणाली, "मॉम, इट्स जस्ट एअर." आणि थोड्या वेळानं, जरा घाबरून, "आर यू ओके?"

जस्ट एअर, हे तिला केयापेक्षा जास्त चांगलं माहीत होतं. पिशवीच्या भिंतीतून वायू झिरपतात. उच्छ्वासातला जो भाग खोलीतल्या हवेहून वेगळा असतो तोच सगळ्यात आधी निघून जातो. ऑक्टोबरापासूनच्या एवढ्या महिन्यांत आत जे उरलं असेल ते बहुधा बेसमेंटच होतं. माहीत असलेली गोष्ट बाजूला सारता येते. रुग्णांचे नातेवाईक तिच्यासमोर रोज सारत होते आणि ती त्यांच्याकडे शांतपणे, किंचित तुच्छतेनं पाहत होती.

फिल्टर तिनं भिंतीला टेकवून ठेवला. बाबांच्या फळीवरून रंगाचा जुना ब्रश घेतला, वाटीत भांड्यांचा साबण कालवला, आणि शिवणी-शिवणींवरून फेस लावत गेली. हे तिनं त्यांनाच करताना पाहिलं होतं, सायकलच्या ट्यूबवर, पुढे गाडीच्या टायरवर. गळती असेल तिथे फेस मोठा होतो. खालच्या झडपेवर काही नाही. नळीच्या जोडावर काही नाही. उजव्या खांद्यावर, जिथं दोरी ओढली की हवा सुटते त्या गोल झडपेच्या कडेला, एक बुडबुडा आला, मोत्याएवढा. तो वाढला, डळमळला, फुटला. त्याच जागी दुसरा आला. ती वाकून पाहत राहिली. पुढचा फुटला तेव्हा तिनं नकळत नाक जवळ नेलं, आणि रबर, साबण, व्हिनेगर ह्यांच्यापलीकडे काही आलं नाही, आणि तिला स्वतःची इतकी किळस आली की तिनं ब्रश वाटीत आपटला.

कारण पुढची गोष्ट उघड होती. झडपेच्या आत चकतीखाली काहीतरी अडकलं असणार, वाळूचा कण, केस. काढणं दहा मिनिटांचं काम. झडप फिरवून उघडायची, चकती पुसायची, ग्रीस लावायचं, बंद करायची. पण झडप उघडली की आतलं सगळं एका क्षणात जाणार. नाही उघडली तर ते असंच मोत्यामोत्यानं जाणार, दोन आठवडे, तीन, आणि एखाद्या रविवारी ती येईल तेव्हा पाइपला नुसतं कातडं लटकत असेल. तिनं तळहातानं झडप दाबून धरली. इस्पितळात असतात तसले चिमटे तिला आठवले, चिकटपट्ट्या आठवल्या, एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत हवा घ्यायची नळी आठवली. चाळिशी उलटलेली, मोठ्या पदावरची बाई आपल्या बापाच्या तळघरात उभी राहून मनातल्या मनात ही जुळणी करत होती, आणि जुळणी होण्यासारखी होती, हेच त्यातलं भयंकर होतं. ह्याच बापाशी ती शेवटचे पाच महिने धड बोलली नव्हती. भांडण घरावरून झालं होतं, जुलैत. एवढं घर कशाला, पायऱ्या कशाला, आणि ह्या वयात हे बुडणं कशाला, पडलात-बिडलात तर पळत मलाच यावं लागतं, तुमचा लेक तनय तिकडे सस्काटूनला बसून नुसते सल्ले देतो. ते म्हणाले होते, येऊ नकोस. मग फोनवर त्यांची वाक्यं तुटक व्हायला लागली. "बरा आहे." थांबायचे. "ठेवतो आता." ती समजली, अजून घुश्शात आहेत. तीही घुश्शातच राहिली; ह्या घरात हा एकच खेळ दोघांना सारखा येत होता. मग डिसेंबरात डॉक्टर म्हणाले की फुप्फुसं दगडासारखी झाली होती, आणि हे काही कालपरवाचं नाही, आणि तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघून ते जरा थांबले.

वर घंटा वाजली. उन्मेषकाका आणि सीमाकाकू आज येणार होते, काकू स्वयंपाकघरातली भांडी खोक्यांत भरायला, आणि काका ह्या जॅकेटसाठी. त्यांनी परवाच व्हॉइस मेसेज ठेवला होता. माझ्या जॅकेटचं बटण अडकतं, मेमध्ये टोबरमोरीला बुड्या मारायला जायचं आहे, शैल्याचं तसंच पडून खराब होईल, मी नेतो. नेऊ का, असं नव्हे. नेतो. सुमेधानं तो मेसेज परत परत ऐकला होता, त्या "नेतो"साठी.

तिनं त्यांना कधी आवडून घेतलं नव्हतं. नागपूरचा हा गडगडाटी माणूस बाबांना पहिल्या नोकरीत भेटला, गाड्यांच्या ब्रेकच्या पट्ट्या बनवणाऱ्या कारखान्यात. आता तो कारखाना नाही, त्या जागी टायरांचं दुकान आहे. संध्याकाळी दोघं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे होऊन येत आणि आई त्यांना दाराबाहेरच झटकून घेई. हा त्या घरातला कायमचा विनोद होता. आई आजारी असताना हे काका रोज येऊन चुटके सांगायचे. आई गेली आणि तेराव्यानंतर ह्यांनीच बाबांना म्हटलं, चल, पोहायला जाऊ. बाबांना घरातून कुणी नेलं असेल तर ह्यांनी.

"कुठे आहे ही पोरगी?" वरून आवाज आला. "ड्राइव्हवेवरचा बर्फ कोणी शोव्हल केला, तू? अर्धाच केला! बापाची पोरगी शोभत नाहीस."

"अहो, बूट तरी काढा," सीमाकाकू म्हणाल्या. "सुमेधा, मी चहा टाकते गं. वेलची कुठाय? असू दे, सापडली."

"मी खाली आहे," सुमेधा म्हणाली. झडपेवरचा हात तिनं काढला नाही.

काका उतरायला लागले. मधल्या पायरीवर ते थांबले, कठड्याला धरून, आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिले: बाबा आणि ते, दोघं रबरी सूटमध्ये, मागे तळं. नाटक, तिच्या मनात आलं. आता दोन शब्द बोलतील. पण ते काही बोलले नाहीत, बराच वेळ, मग उतरले, शेवटच्या पायरीवर परत जरा थांबले, आणि एकदम म्हणाले, "काय करून राहिली तू? साबण कशाला फासला त्याला?"

"गळतंय."

"कुठे? बघू. हां, खांद्याची झडप. ती नेहमीचीच रडकी आहे." त्यांनी हात पुढे केला. सुमेधा बाजूला झाली नाही. त्यांचा हात हवेत राहिला, मग त्यांनी तो पँटच्या खिशात घातला. "उघड ना मग. पाना लागत नाही, हातानं निघते. तुला जमत नसेल तर मी..."

"उघडली तर हवा जाईल."

"जाईल! मग काय, बँकेत ठेवायची आहे?"

तिनं तळहात झडपेवर आणखी घट्ट दाबला. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे, मग जॅकेटकडे. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला, आणि तो बदललेला तिला सगळ्यात असह्य झाला. गडगडाट चालला असता.

"अगं," ते म्हणाले. "अगं, सुमे. हे तू... शैल्याची समजून?"

"ऑक्टोबरात त्यांनी फुंकलं. ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते."

"नव्हताच देत." काका उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले. ती बाबांची बसायची जागा होती. "यंदा दिला. इथंच. हा इथं बसला होता, असा, आणि मी तिथं उभा राहून फुंकत होतो, आणि हा मला शिव्या देत होता, थुंकी नको घालूस रे आत, बुरशी येते. त्याच्याच्यानं फुंकवत कुठे होतं? त्याला मोज्याची जोडी चढवताना धाप लागे. ती हवा माझी आहे, बाळा."

फर्नेस चालू झाली. तिचा घुमारा खोलीभर पसरला. सुमेधाच्या गालावर, जिथं दर रविवारी ते कापड टेकत होतं, तिथं कुणी ओला हात फिरवल्यासारखं झालं. दोन महिने. दोन महिने ती ह्या माणसाच्या फुंकरीला गाल लावून उभी राहत होती, रस्सा आणि सुपारी खाणाऱ्या, चुटके सांगणाऱ्या ह्या माणसाच्या. पण ते मागे पडलं, कारण त्याच्यामागून दुसरं येत होतं, जास्त मोठं आणि जास्त थंड.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"ऑगस्टपासून. तळाशी होतो आम्ही, तो एकदम वर चला म्हणून खुणा करायला लागला. मग इथल्याच डॉक्टरकडे नेलं मी."

"मी श्वासाचंच काम करते काका. दोन तासांवर राहते."

"म्हणूनच ना." त्यांनी हात पसरले. "म्हणाला, सुमेधाला कळलं की ती मशीन घेऊन येईल. मला पोरीसमोर पेशंट व्हायचं नाही. भांडण झालंय ते बरंच आहे, म्हणे, ते असंच चालू राहू दे, फोन छोटा ठेवता येतो. शपथ घातली मला. मी पाळली."

म्हणजे घुस्सा नव्हता. ती तुटक वाक्यं, ते थांबणं, तो घुस्सा नव्हता, हवा संपत होती. आणि घुश्शाचा बुरखा त्यांनी मुद्दाम वर ओढून ठेवला होता, तिच्याच हातचा बुरखा, तिनंच जुलैत विणून दिलेला. किती सोयीचं पडलं असेल. तिला ते दिसले, ह्याच बादलीवर, फोन हातात, बोलण्याआधी छातीत हवा जमवणारे. मग "बरा आहे", मग थांबणं, आणि पलीकडे लंडनमध्ये ओठ घट्ट मिटून बसलेली ती. त्यांनी तिच्या कानाला फसवलं होतं, जो कान ती पगारावर विकत होती. मेलेल्या माणसावर इतकं रागावता येतं हे तिला ठाऊक नव्हतं. आणि रागाला समोर माणूस लागतो. समोर उन्मेषकाका होते.

"आणि तरी ऑक्टोबरात पाण्यात नेलंत."

"बुडायला नाही नेलं. जॅकेट पूर्ण भरून दिलं टाकीवरून. भरलेलं असलं की माणूस बुडत नाही. तो नुसता पाण्यावर उताणा पडून राहिला, आकाशाकडे तोंड करून, एवढा वेळ की मीच गारठलो. बाहेर यायलाच तयार नव्हता." ते हसले, आणि हसण्यातून खोकले, कोरडं, थोडं.

सुमेधानं इन्फ्लेटर हातात घेतला, वर धरला, आणि सोडायचं बटण दाबलं. हवा सूं करत निघाली. तिनं ते टोक काकांच्या दिशेनं धरलं होतं. त्यांच्या कपाळावरचे पांढरे केस हलले.

"घ्या," ती म्हणाली. "तुमची आहे ना."

"अगं सगळी नको घालवू, आतून चिकटेल!"

तिनं सगळी घालवली. जॅकेट आपल्यावरच दुमडलं, खांदे पडले. मग तिनं ते बाबांच्या टेबलावर पालथं घातलं, झडप हातानं फिरवली, ती निघाली. स्प्रिंग, चकती. काका बसल्या जागेवरून सूचना देत होते, स्प्रिंग हरवू नको, ती टुणकन उडते, शैल्या टेबलाखाली रांगायचा. ती ऐकत नव्हती आणि ऐकत होती. चकतीच्या कडेखाली शिंपल्याची एक कपची होती, नखाच्या टोकाएवढी, धारदार, तिच्यावर अर्धा पट्टा. ऑक्टोबरातली, आत कुठेतरी पडून राहिलेली, आता सरकून इथं आलेली. ज्या तळ्यावर ते उताणे पडले होते तिथली. तिनं ती टेबलाच्या कडेला ठेवली. चकती पुसली, बोटाच्या टोकावर ग्रीस घेतलं, नुसती चमक येण्यापुरतं. झडप बसवली. ह्या कामात तिला काही सुख झालं नाही. हात नीट चालत होते एवढंच.

"शाब्बास," काका म्हणाले. "आता दे. पिशवीत घालून" – थांबले – "नेतो."

आणि तिला ऐकू आलं. त्या वाक्याच्या मधली जागा. ती जागा तिनं ओळखली, फोनवर पाच महिने ऐकलेली. आणि मागून सगळं आलं, पायरीवर फोटोसमोर थांबणं, शेवटच्या पायरीवरचं थांबणं, मघाचा खोकला, बसल्यापासून बादलीवरून न उठणं. तिनं त्यांच्या हातांकडे पाहिलं, आज पहिल्यांदा, कामावर पाहते तसं. बोटांची टोकं गोल फुगली होती, नखं घड्याळाच्या काचेसारखी वळली होती, फुप्फुसं निकामी होत आली की होतात तशी. बाबांच्या जोडीनं ते त्याच कारखान्यातून, ब्रेकच्या पट्ट्यांतल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीनं पांढरे होऊन येत होते. आईनं दोघांनाही एकाच फडक्यानं झटकलं होतं.

एक क्षण असा गेला की तिनं काहीच केलं नसतं. जॅकेट पिशवीत घालायचं, चहा प्यायचा, मेमध्ये टोबरमोरी. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती तरी का सांगेल? तो क्षण गोड होता. तो किती गोड होता हे तिनं नंतर स्वतःपासून लपवलं नाही.

"अर्धं फुगवून न्या," ती म्हणाली. "चिकटेल ना आतून." आणि इन्फ्लेटर त्यांच्यापुढे धरला.

"घरी फुगवीन."

"गळती थांबली का ते बघायला नको? फुगवा."

"कंप्रेसर लाव ना, तो काय शोभेला..."

"त्यात तेल असतं. तोंडानं."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. ती काय तपासतेय ते त्यांना कळलं होतं. गडगडाटी माणूस तो. नाही म्हणता आलं नाही. त्यांनी मूठ तोंडाला लावली, बटण दाबलं आणि फुंकलं. पिशवी किंचित हलली. "अजून," सुमेधा म्हणाली. त्यांनी फुंकलं. "अजून. अजून. थांबू नका." तिचा आवाज कामावरचा होता, सपाट, सगळ्यांना सारखा. त्यांनी परत तोंडाला लावलं, आणि ह्या वेळी गालच फुगले, आत काही गेलं नाही. मूठ तोंडातून निसटली, आणि ते दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे कानांपर्यंत वर घेत, बादलीवर पुढे वाकले. ओठांच्या कडा निळसर होत्या. वर काकूंनी खलबत्त्यात वेलची कुटायला घेतली होती. टकटक खाली येत होती.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "सीमाला" – श्वास – "सांगू नको." आणि मग, तुकड्यातुकड्यांनी, "उन्हाळा जाऊ दे. एकच सीझन. मी तुझ्या बापाचं पाळलं, तू माझं एवढं पाळ. शपथ आहे."

"हो," सुमेधा म्हणाली. "तुम्ही पाळलंत."

ती पायऱ्यांपाशी गेली. तिला कुणाची कीव येत नव्हती. हे पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं तरी तसंच होतं. मागे ते म्हणाले, "सुमे," मग, "अगं बाळ, ऐक ना," आणि आणखी काही म्हणायला त्यांच्यापाशी हवा नव्हती. तिनं कठड्यावर हात ठेवला, तोंड वर केलं आणि हाक मारली, गरजेपेक्षा मोठ्यानं.

"काकू! गॅस बंद करा आणि खाली या. आत्ता."

खलबत्ता थांबला. "का गं? काय झालं?" आणि मग, अहोंचा आवाज येत नाही हे लक्षात येऊन, वेगळ्याच सुरात, "आले, आले."

काकूंचे पाय जिन्याच्या तोंडाशी वाजले. सुमेधानं वळून पाहिलं. उन्मेषकाकांनी जॅकेट मांडीवर ओढून घेतलं होतं, मूठ परत तोंडाला लावली होती, आणि डोळे घट्ट मिटून, बायको खाली पोचायच्या आत ते अर्धं तरी भरावं म्हणून, ते फुंकत होते.